दहा लाख कंठ, एक दिवा

साध्या आवाजात बोलताना आपल्या तोंडातून जो ध्वनी बाहेर पडतो, त्याची शक्ती एका वॉटचा साधारण लाखावा भाग असते. घरातला छोटा एलईडी दिवा असतो १० वॉटचा. तो नुसत्या बोलण्यावर पेटवायचा ठरवलं आणि आवाजातला कणही वाया जाऊ दिला नाही, तरी १० लाख माणसांना एकाच वेळी बोलत राहावं लागेल. आषाढीला पंढरपुरात एवढी माणसं असतात, त्याहून जास्तच असतात. वाळवंट, दर्शनबारी, मठ, राहुट्या, सगळीकडची माणसं एकदम बोलू लागली तर एक दिवा पेटेल. सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून जयघोष केला तर शक्ती शंभरपट होईल आणि कपड्यांची एक इस्त्री तापेल. बस, एवढंच.

ज्याने वाळवंटात उभं राहून तो जयघोष ऐकला आहे, त्याला हा हिशेब पटायचा नाही. अंगावर सरसरून काटा येतो, गळा दाटून येतो, शेजारचा अनोळखी माणूस आपला वाटू लागतो. इस्त्रीभर उष्णतेने हे होत नाही. ध्वनीबद्दल मला सगळ्यात थक्क करते ती हीच गोष्ट: त्यात जोर जवळजवळ नसतोच. त्याचं सामर्थ्य असतं रचनेत आणि ऐकणाऱ्याच्या कानात. संगीत, विज्ञान आणि श्रद्धा या तिन्ही वाटांनी गेलं तरी आकडे हेच सांगतात.

आधी कान पाहू. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाने हा दाब पाच अब्जांत एक भाग इतकाच वर-खाली होतो. १,००० हर्ट्झच्या सुराने त्या वेळी हवेचे कण किती हलतात? हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतके. एका अणूच्याही दहाव्या भागाएवढी हालचाल कानाला कळते! कानाच्या पडद्यामागे तीन हाडं आहेत आणि त्यांतलं शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम तीन मिलिमीटरचं. शरीरात याहून लहान हाड नाही. ते पुढच्या शंखासारख्या वळणदार नळीतल्या द्रवाला धक्का देतं आणि त्या द्रवात केशपेशी डुलतात. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात. मेंदूला आवाजाची बातमी पोचवणाऱ्या केशपेशी एका कानात असतात सुमारे ३,५००. त्यांच्या मदतीला आणखी बाराएक हजार पेशी असतात, त्या हलका आवाज उचलून धरतात. आईची हाक, भीमपलासीतला कोमल निषाद, भांड्याचा आवाज, पावसाची चाहूल, सगळं या तुटपुंज्या फौजेच्या भरवशावर.

हीच फौज दोन्ही कानांवर आवाज पोचण्यातला फरकही ओळखते. हा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका लहान असला तरी आवाज डावीकडून आला की समोरून, हे आपण डोळे मिटून सांगू शकतो.

सगळ्यात हलका आवाज आणि कान दुखायला लावणारा आवाज यांच्या तीव्रतेत एक लाख कोटीपट अंतर आहे. एवढे मोठे आकडे हाताळता यावेत म्हणून डेसिबल आलं. त्याचं गणित वेगळं आहे: तीव्रता दसपट झाली की १० डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. एका ढोलाऐवजी दहा ढोल वाजवले तर आवाज दुप्पट. शंभर ढोल आणले, शंभर पोरं घाम गाळू लागली, तरी ऐकणाऱ्याला तो एका ढोलाच्या चौपटच वाटतो. ढोलपथकांची लज्जत आवाजाच्या मोठेपणात नसते, शंभर टिपरं एका क्षणी पडण्यात असते. हे पथकात वाजवणारी मुलं डेसिबल न शिकता जाणतात.

निसर्गाने मोठेपणाची हद्दही एकदा दाखवून दिली. २७ ऑगस्ट १८८३ च्या सकाळी इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. तिथून १६० किलोमीटरवर बटाव्हियाच्या गॅस कारखान्यातल्या दाबमापकाच्या नोंदीवरून हा आवाज १७२ डेसिबलच्या आसपास होता असं निघतं. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरच्या पोलीस प्रमुखाने दुरून तोफा डागल्यासारखा आवाज नोंदवला. ते बेट ४,८०० किलोमीटरवर आणि आवाज तिथे पोचला होता चार तासांनी. मुंबईत झालेला स्फोट इस्तंबूलच्या माणसाने कानांनी ऐकावा, असा हा प्रकार. त्यानंतर ती दाबाची लाट कानाला ऐकू येईनाशी झाली, पण थांबली नाही. जगभरच्या वायुभारमापकांवर ती पाच दिवस उमटत राहिली, पृथ्वीला वळसे घालत. आपल्या हवेत आवाज १९४ डेसिबलच्या वर नीट आवाज म्हणून टिकतच नाही. लाटेच्या खालच्या भागात हवा पूर्ण संपते, पोकळी होते, आणि त्यापुढे उरतो तो निव्वळ धक्का. हद्द गाठलेल्या आवाजातून काही सांगता येत नाही, कारण तिथे रचनेला जागाच राहत नाही.

रचना म्हणजे काय ते पाहायचं असेल तर तबल्याच्या पुडीपाशी यावं. चामडं ताणून बसवलेलं साधं चर्मवाद्य वाजवलं तर त्यात अनेक कंपनं एकाच वेळी उठतात. सगळ्यात खालचं कंपन १०० मानलं, तर वरची येतात १५९, २१४, २३०, २६५ अशी. या आकड्यांचा एकमेकांशी काही मेळ नाही, म्हणून कानाला ऐकू येतो तो धप्पकन आवाज. त्यात सूर सापडत नाही. आता पुडीच्या मधोमध शाई भरा. कारागीर लोखंडाच्या भुकटीचं खळीत कालवलेलं मिश्रण बोटाने पातळ थरांत लावतो, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतो, पुन्हा थर, पुन्हा घोटणं. घोटता घोटता शाईत बारीक भेगांचं जाळं पडतं आणि त्या भेगांमुळेच ती कडक न राहता चामड्याबरोबर लवते. काम संपतं तेव्हा मध्ये जाडी जास्त असते आणि कडेला उतरत गेलेली असते. किती थर, किती जाड, याचं लेखी कोष्टक कुणाकडे नसतं. कारागीर मधूनमधून टिचकी मारून ऐकतो आणि ठरवतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये, आणि पुन्हा १९३४ मध्ये सविस्तर, याच वाद्यांवर लिहिलं. पुडीवर बारीक वाळू भुरभुरवून कंपनांच्या आकृत्या त्यांनी डोळ्यांना दाखवल्या. निष्कर्ष असा: शाईमुळे पुडीची नऊ वेगवेगळी कंपनं सरकून पाच गटांत येतात आणि हे पाच गट १, २, ३, ४, ५ या प्रमाणात बसतात. २१४ आणि २६५ असे विस्कटलेले आकडे एका ओळीत आले, आणि तबला सुरात लागू लागला. गोल चामड्यातून तारेसारखा सूर काढणं ही सोपी गोष्ट नव्हे. नोबेल मिळवणाऱ्या माणसाने हे गणित मांडण्याच्या कितीतरी आधी ते अनेक पिढ्यांच्या बोटांनी आणि कानांनी सोडवलं होतं. या कारागिरांची नावं आपल्याकडे उरलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तानपुऱ्याची गंमत याहून खोल. मिरजेत सतार आणि तानपुरे बनवणारी घराणी आहेत. भोपळे येतात पंढरपूरच्या आसपासचे, म्हणजे वारीची वाट आणि सुरांची वाट त्याच मातीतून जाते. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासून तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि ज्या जागी आवाज एकदम खुलतो, झणकारतो, तिथे थांबायचं. याला जवारी लागणं म्हणतात. ती लागली की खर्जाच्या एका तारेतून सुरांची अख्खी माळ बाहेर पडते. खर्ज ७० हर्ट्झचा असेल तर १४०, २१०, २८०, ३५०, आणि पुढे कितीतरी. यातला पाचवा, ३५० चा, म्हणजे गंधार. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते. तरी जुळलेल्या तानपुऱ्यापाशी शांत बसलं की तो ऐकू येतो, आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेची जी कंपनं छेडण्याच्या जागेमुळे उमटायला नकोत, तीही तानपुरा आणि वीणेत ठळक उमटतात, हे रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवलं. त्या काळी युरोपात मान्य असलेल्या नियमात हे बसत नव्हतं. जो सूर कुणी छेडलाच नाही, त्यावर गवयाचा ‘ग’ उभा राहतो.

देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात त्याने आघाताने उठणारा आहत नाद आणि आघाताविना असणारा, योग्यांनी ध्यानात ऐकायचा अनाहत नाद असे दोन प्रकार मानले. सप्तकात बावीस श्रुती मोजल्या आणि त्या कानाला पटाव्यात म्हणून बावीस तारांच्या वीणा मांडल्या. त्याला आजचं भौतिकशास्त्र ठाऊक होतं, असा दावा करणं म्हणजे त्याचा आणि भौतिकशास्त्राचा, दोघांचा अपमान. त्याचा प्रश्न साधकाचा होता. पण शेवटचा निवाडा कानाने करायचा, ही त्याची पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेत मानाने बसेल.

घंटेतही असाच एक न छेडलेला सूर असतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकचं नारोशंकराचं मंदिर, भीमाशंकर आणि वाईजवळचं मेणवली इथे त्या आजही पाहायला मिळतात. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेली मेरीही. युरोपीय धाटणीच्या अशा घंटेवर टोल पडला की एक सूर बाकीच्यांच्या वर ठळक येतो. शास्त्रज्ञांनी घंटेची कंपनं सुटी करून मोजली तेव्हा लक्षात आलं की हा ठळक सूर बरेचदा त्या जागी नसतोच. वरचे काही सूर २, ३, ४ अशा प्रमाणात आलेले असतात, आणि त्यांचा पाया जो असायला हवा तो आपला मेंदू स्वतः भरतो. लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये या कोड्यावर काम केलं. पुरतं उलगडायला विसावं शतक बरंच सरावं लागलं. म्हणजे घंटेचा स्वर ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुरा होतो. चर्चमध्ये ती उंच मनोऱ्यातून दूरच्या गावकऱ्याला बोलवत होती. देवळात ती हाताच्या टप्प्यात आली आणि भक्त आपली वर्दी स्वतः देऊ लागला. धातू तोच, स्वर तोच. तिची साद बदलली ती ऐकणाऱ्यामुळे.

वास्तूही ध्वनीची रचना करते. विजापूरच्या गोलघुमटात एका भिंतीशी केलेली कुजबुज सुमारे ३८ मीटर पलीकडच्या भिंतीशी उभ्या माणसाला स्पष्ट ऐकू येते. इस्तंबूलची हागिया सोफिया ५३७ मध्ये उभी राहिली, नऊ शतकं चर्च होती, १४५३ नंतर मशीद झाली. तिच्यात आवाज विरायला सुमारे ११ सेकंद लागतात. एवढ्या वेळात ध्वनी पावणेचार किलोमीटर धावतो. एकच अक्षर संगमरवरावर आपटत, परतत पावणेचार किलोमीटर जातं. अशा ठिकाणी भरभर बोललं तर काहीच कळत नाही. म्हणून तिथली प्रार्थना लांबवून म्हणण्याची झाली, आणि एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीखाली आधार स्वरासारखा पसरत गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथे फुगे फोडून तो घुमार टिपला, आणि त्यावरून आज दुसऱ्या कुठल्याही सभागृहात गायलेलं गाणं त्या घुमटाखाली गायल्यासारखं ऐकता येतं.

घुमाराचा विक्रम मात्र कुठल्या देवालयाचा नाही. स्कॉटलंडमध्ये इन्चिनडाउन इथे दुसऱ्या महायुद्धासाठी डोंगरात पोखरलेल्या तेलाच्या टाक्या आहेत, एकेक सुमारे २४० मीटर लांबीची. २०१२ मध्ये ट्रेव्हर कॉक्स या ध्वनिशास्त्रज्ञाने तिथे पिस्तुलाचा बार काढला. १२५ हर्ट्झला तो विरायला ११२ सेकंद लागले.

जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावी याहून लांबलेला आवाज चालू आहे. जॉन केज यांची ऑर्गनसाठी लिहिलेली एक रचना शक्य तितक्या संथ वाजवावी अशी सूचना आहे. तिथल्या सेंट बुर्खार्डी चर्चमध्ये ती ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली. सुरुवातीलाच विराम होता, तो १७ महिने चालला. पहिला स्वर उमटला ५ फेब्रुवारी २००३ ला. रचना संपेल २६४० साली, एकूण ६३९ वर्षांनी. त्या गावात १३६१ साली एक मोठा ऑर्गन बसवला होता. तेव्हापासून २००० पर्यंत जितकी वर्षं, तितकीच पुढे. स्वर बदलायचा दिवस आला की दूरदूरची माणसं तिथे जमतात. आपण सुरुवात ऐकली नाही आणि शेवट ऐकणार नाही, हे माहीत असून जमतात. वारीला येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता आकाशाकडे. अवकाशात आवाज नसतो असं आपण शाळेत शिकतो, आणि पोकळीपुरतं ते खरं आहे. पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहांमध्ये विरळ, तापलेला वायू भरलेला असतो, आणि वायू आहे तिथे लाट उठू शकते. पृथ्वीपासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ययाती तारकासमूहातल्या अशा एका दीर्घिकासमूहात २००३ मध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीतून या लाटा दिसल्या. मधल्या कृष्णविवराच्या उठाठेवीने त्या उठतात. एक लाट पुरी व्हायला लागतात सुमारे एक कोटी वर्षं. पेटीच्या मधल्या पट्टीपासून हा स्वर ५७ सप्तकं खाली आहे. माणसाचं सगळं ऐकणं, २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत, दहा सप्तकांत संपतं.

सत्तावन्न सप्तकं म्हणजे सत्तावन्न वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की येणारी संख्या: १४ च्या पुढे सोळा आकडे. ती म्हणायला शब्द कुठून आणायचा? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त संख्यांची नावं दिली, एक, दशं, शतं पासून कोटी, अब्ज, खर्व असं चढत. ती यादी परार्धापाशी संपते, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. कृष्णविवराचा स्वर आपल्या स्वरापासून सुमारे दीड परार्धपट खाली आहे. भास्कराचार्य जिथे थांबले, साधारण तिथेच तो सापडला.

याहूनही जुना आवाज आहे. विश्वाची पहिली ३ लाख ८० हजार वर्षं सगळीकडे प्रकाश आणि द्रव्य यांचं दाट मिश्रण होतं आणि त्यातून दाबाच्या लाटा प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने धावत होत्या. मग विश्व थंड झालं, प्रकाश सुटला, लाटा होत्या तिथे थबकल्या. त्या लाटा केवढ्या? दाट आणि विरळ जागांमधला फरक त्या काळच्या प्रकाशात आज दिसतो तो लाखात एक भाग इतकाच. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने तो पहिल्यांदा टिपला. त्या फरकाच्या जोरावर पुढे द्रव्य गोळा होत गेलं, दीर्घिका झाल्या, तारे झाले. २००५ मध्ये सुमारे ४७ हजार दीर्घिकांची मांडणी तपासली, तेव्हा दोन दीर्घिकांमध्ये ५० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अंतर असण्याची शक्यता किंचित जास्त निघाली. ते अंतर त्या थबकलेल्या पहिल्या लाटेचंच. विश्वाबरोबर ताणून आज तिचं माप एवढं झालं आहे. लाखात एक भागाच्या आवाजाने आकाशाचा आराखडा ठरवला.

हे सगळं मनात असताना डीजेच्या भिंतीसमोर उभं राहवत नाही. तिथे हजारो वॉट ओतलेले असतात आणि शंभराच्या पुढचे डेसिबल मोजले जातात. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, २००० सालच्या नियमांपासून. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. शतकानुशतकं वारी टाळ, मृदंग आणि वीणेवर चालली, यातच त्याचा पुरावा आहे. मुद्दा केशपेशींचा आहे. कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या ३,५००, त्याच आयुष्यभर.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, ११५ ला अर्ध्या मिनिटाहूनही कमी. हे आकडे मोठ्या माणसांच्या कानांसाठीचे. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे चालते, आणि बंदोबस्तावरचा पोलीस आपल्या पाळीत जागा सोडू शकत नाही.

बघायला जाणारा मात्र सोडू शकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. भिंतीपासून पाच मीटरवर ११५ असतील तर दहा मीटरवर १०९, वीसवर १०३, चाळीसवर ९७, आणि ९७ ला परवानगी आहे अर्ध्या तासाची. गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज परतवतात, तिथे एवढा उतार मिळत नाही; म्हणून लहान मूल खांद्यावर असेल तर चौकाच्या मोकळ्या टोकाला, लांब उभं राहावं, आणि औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळणारी फोमची बोंडं आधीच कानात घालून निघावं.